दोन ठोके

मित्रांनो, तळहाताएवढी, उलट्या ठेवलेल्या वाटीसारखी, डोक्यावर एक बटण असलेली घंटी तुम्ही कधी पाहिली आहे का? दुकानाच्या काउंटरवर असते. बटण दाबले की 'टिंग' होते आणि आतून कोणीतरी "आलो, आलो" म्हणत, हात पुसत बाहेर येते. मी तशीच एक घंटी. साठी उलटली माझी. चकाकी केव्हाच उडाली आणि बैठकीला एका बाजूने गंज धरला आहे. सांगण्यासारखे माझ्या आयुष्यात फारसे काही नाही. जे घडले ते तीन दिवसांत घडले. पण आधी थोडे मागचे सांगते, म्हणजे कोण कुठली ही घंटी, असे तुम्हाला वाटायला नको.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आम्हा घंट्यांना जो घडवायचा, त्या कारागिराला एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हते. म्हणून तो प्रत्येक घंटी दुसऱ्या कानाजवळ धरून वाजवायचा. जिचा आवाज बद्द यायचा तिला सरळ भंगाराच्या पेटीत टाकायचा. मला त्याने दोनदा वाजवले आणि म्हणाला, "ही बोलते." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

तिथून मी विजेच्या सामानाच्या एका दुकानात आले. मालक मागच्या खोलीत पंखे, इस्त्र्या, रेडिओ उघडून बसायचे. पुढे काउंटरवर कोणी नसायचे, म्हणून माझी नेमणूक झाली. जाड लाकडी काउंटरवर मला चार स्क्रूंनी पक्के बसवले. दिवसाला पन्नास-साठ वेळा तरी मी वाजत असे. मालकांना नुसत्या ठोक्यावरून गिऱ्हाईक ओळखू यायचे. घाईघाईचे तीन ठोके म्हणजे बेकरीवाला, त्याचे यंत्र पुन्हा बसले. एक ठोका आणि मग लांबलचक शांतता म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या लाजऱ्या शिंपीणबाई. "ही घंटी नसती तर मी बहिराच ठरलो असतो," असे मालक म्हणायचे आणि वर्षातून दोनदा माझ्या स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यायचे.

पुढे मालक थकले, गेले. दुकान एका मोठ्या कंपनीने घेतले. मधली भिंत पाडली, पांढरे दिवे लावले आणि एका अख्ख्या भिंतीला राखाडी रंगाची लोखंडी कपाटे बसवली. त्यांना कुलूप नाही, किल्ली नाही, कडीसुद्धा नाही. माणसाने घरी बसून फोनवर वस्तू मागवायची. वस्तू आली की ईमेलवर एक कोड येणार. तो फोनच्या पडद्यावर उघडून कपाटाच्या डोळ्यासमोर धरायचा, की नेमके आपले दार टप्पकन उघडते. बोलायची गरज नाही, थांबायची गरज नाही. जुना काउंटर तेवढा राहिला, कारण तो हलवताना चार माणसांच्या कमरा धरल्या. मीही त्याच्याबरोबर राहिले. माझ्यापुढे प्लास्टिकच्या रोपाची एक कुंडी आणि 'कोड स्कॅन करा' अशी पाटी आली. त्यानंतर दोन वर्षांत मला कोणी हात लावला नाही.

काउंटरवर एक ताई बसायच्या. जुन्या मालकांच्या हाताखाली त्या तारा जोडायला शिकल्या होत्या. आता त्यांचे काम एकच, आलेल्या माणसाला कुठे उभे राहायचे ते सांगणे. पंखा उघडणारे हात दिवसभर बोट दाखवण्याच्या कामी लागले होते. त्यांच्यावर एक तरुण मॅनेजर होता. माणूस वाईट नव्हता. पण त्याचे प्रत्येक वाक्य 'सिस्टिम'पासून सुरू व्हायचे.

एका सोमवारी दुपारी एक काका आले. सत्तरीच्या पुढचे, उंच, किंचित वाकलेले. बोटांच्या पेरांवर वाळलेली खळ होती. पुस्तकांची बांधणी करण्यात जन्म गेलेला माणूस, हे पुढे बोलण्यातून कळले. कपाटांसमोर ते बराच वेळ उभे राहिले, मग ताईंकडे आले.

"आमचं एक पार्सल आलंय. चार्जर आहे."

"कोड दाखवा ना त्या काचेला, काका."

"कोड नाहीये माझ्याकडे. कोड ईमेलात आलाय."

"मग ईमेल उघडा फोनवर."

काकांनी खिशातून फोन काढला. बटणांचा, जाडजूड, आकड्यांचे रंग उडालेला. त्यात ईमेल उघडणे म्हणजे खलबत्त्यात कपडे धुण्यासारखे होते.

मग त्यांनी सगळे सांगितले. घाई न करता, क्रमाने सांगितले. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोके मात्र पूर्वीइतकेच लख्ख होते. रुग्णालयातून तिला एक बोलकी पाटी मिळाली. डाव्या हाताने पडद्यावरची अक्षरे दाबायची, पाटी ते मोठ्याने वाचून दाखवते. त्या पाटीच्या चार्जरची वायर मुळाशी तुटली. पाटीत नऊ टक्के जीव उरला होता. तेवढ्यात बाईंनी स्वतःच, एका बोटाने, नवा चार्जर मागवला. मागवून झाला, दुसऱ्याच दिवशी येईल असे पडद्यावर आले आणि पाटी बंद पडली.

"आता गंमत बघा," काका म्हणाले. "कोड आलाय ईमेलात. ईमेल आहे पाटीत. पाटी चालू व्हायला चार्जर हवा. आणि चार्जर तुमच्या कपाटात."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी खालचा खण उघडला आणि दुकानातल्या सगळ्या वायरी काकांनी पिशवीतून आणलेल्या पाटीला लावून पाहिल्या. एकही बसेना. पाटीचे भोकच निराळ्या घाटाचे होते.

"काकू लिहून नाही का दाखवत?"

"डाव्या हातानं अक्षर वेडंवाकडं येतं. चाळीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलं तिनं. असलं अक्षर ती मलासुद्धा दाखवत नाही. काल दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडून आहे."

मग आवाज थोडा उतरवून ते म्हणाले, "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. मागच्या खेपेला पाटी घरी विसरली, म्हणून तिच्या वतीनं मी बोललो. गोळी सोसते का विचारलं, मी म्हटलं सोसते. तिला सोसत नव्हती. दोन महिने चक्कर अंगावर काढली तिनं, माझ्या एका शब्दापायी. या वेळी मला बोलायचं नाहीये."

ताईंनी आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. काकांनी बायकोची छोटी वही काढली. त्यात ईमेलचा पासवर्ड होता. काका एकेक अक्षर शोधत, जिभेचे टोक दातांत धरून टंकत राहिले. पासवर्ड बरोबर निघाला. पण ईमेल काही उघडेना. पडद्यावर आले, 'तुम्हीच आहात ना? तुमच्या नेहमीच्या उपकरणावर आम्ही एक आकडा पाठवला आहे.'

नेहमीचे उपकरण पिशवीत होते, दगडासारखे गप्प.

"दुसरा मार्ग दाखवतंय बघा," ताई म्हणाल्या. "फोन नंबरवर पाठवू का, विचारतंय. शेवटचे दोन आकडे चार, एक."

काका पडद्याकडे पाहत राहिले. "तिचा जुना नंबर आहे तो. बोलताच येईना तर फोन कशाला, म्हणून मीच बंद करून टाकला."

त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी पडदा म्हणाला, 'फार प्रयत्न झाले. चोवीस तासांनी या.' मॅनेजर आला. त्याने बघितले आणि खांदे पाडून सांगितले, "सिस्टिममध्ये कपाट हाताने उघडायची सोयच नाहीये, काका. आणि एक सांगतो, तीन दिवसांत नेलं नाही तर पार्सल आपोआप परत जातं. म्हणजे बुधवारी संध्याकाळी सात वाजता."

पार्सल कपाट क्रमांक सतरामध्ये होते. काका उभे होते तिथून सात पावलांवर.

मंगळवारी ते सकाळीच आले. या वेळी ताईंनी काउंटरवरच्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी एक यंत्र बोलले. अमुक हवे असेल तर एक दाबा, तमुक हवे असेल तर दोन दाबा. जे हवे होते ते कुठल्याच आकड्यावर नव्हते. अर्धा तास सनई वाजत राहिली. शेवटी एक बाई बोलल्या. त्यांनी खातेदाराचे नाव, पत्ता विचारला. काकांनी सांगितला.

"ऑर्डरमध्ये एकूण वस्तू किती?"

"एक. चार्जर."

पलीकडे कीबोर्ड वाजला. "माहिती जुळत नाही, सर."

"अहो, कशी जुळत नाही? घरात पाटी एक, चार्जर एक!"

"आणि सर, मला खातेदाराशीच बोलावं लागेल. खातेदाराला फोन द्या."

"ती बोलू शकत नाही हो. तेच तर सांगतोय."

"बोलू शकतील तेव्हा फोन करा, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

काकांनी फोन हळूच जागेवर ठेवला. आदळला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर फाटलेली पाने सरळ केली, त्याला वस्तू आदळायची सवय नसते. ते निघाले तेव्हा ताई त्यांच्यामागे दारापर्यंत गेल्या.

"काका, उद्या काकूंना घेऊन या."

"येऊन काय करणार ती? बोलायला हवं ना."

"आणा तर खरं."

मला त्या वेळी त्यांच्या मनातले काही कळले नव्हते. खरे सांगायचे तर ताईंनाही कळले नसावे. समोर माणूस असला की काहीतरी सुचते, एवढाच जुन्या मालकांकडचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

बुधवारी पाच वाजून गेले तरी कोणी आले नाही. ताई सारख्या दाराकडे पाहत होत्या. साडेपाचला काका आले, घामाघूम, चाकांची खुर्ची ढकलत. दुकानाच्या पायरीवर खुर्ची अडली होती; दोन गिऱ्हाइकांनी ती उचलून आत घेतली. खुर्चीत गणिताच्या बाई. केस घट्ट बांधलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. त्या कोणाकडे पाहत नव्हत्या.

"यायला तयार नव्हती," काका म्हणाले. "शेवटी मी म्हटलं, तू नाही आलीस तर उद्या डॉक्टरांपुढे मलाच बोलावं लागेल. तेव्हा उठली."

फोन लागला. पुन्हा यंत्र, पुन्हा सनई. सहाला पाच कमी असताना एक पुरुषाचा आवाज आला. त्याला सर्दी झालेली होती. ताईंनी फोनचा आवाज मोठा केला आणि सगळी हकिगत सांगितली.

"समजलं, मॅडम," सर्दीवाला म्हणाला. "पण मला खातेदाराचा होकार लागतो. इथे सगळं रेकॉर्ड होतं. मान हलवलेली रेकॉर्डमध्ये दिसत नाही."

"आवाज चालेल?"

"आवाजच तर हवाय."

ताईंनी फोन तसाच चालू ठेवला. कुंडी उचलून बाजूला केली. खणातून पेचकस काढला आणि माझे चार स्क्रू सोडवले. तिसरा गंजला होता. त्यावर त्यांनी पेचकसाच्या मुठीने दोन टोले घातले, तेव्हा तो हलला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काउंटरवरून खाली आले. ताईंनी मला बाईंच्या मांडीवर, डाव्या हाताशी ठेवले.

"काकू, एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. जमेल?"

बाईंनी मला पाहिले. मग ताईंना पाहिले. मग बोट उचलून दाबले.

माझी स्प्रिंग आखडली होती. खरखर झाली आणि आवाज निघालाच नाही.

त्यांनी पुन्हा दाबले, सगळा तळवा वापरून. टिंग.

"हा कसला आवाज?" सर्दीवाल्याने विचारले.

"खातेदार बोलतायत," ताई म्हणाल्या.

पलीकडे दुसऱ्या माणसांचे बोलणे, कीबोर्डची टकटक. मग तो नाक ओढून म्हणाला, "असं कुठं लिहिलेलं नाहीये."

"नको असंही कुठं लिहिलंय का?" ताईंनी विचारले.

"...थांबा. यादीत प्रश्न बरेच आहेत. ज्यांची उत्तरं आकड्यांत येतील तेवढेच विचारतो. उत्तर फक्त खातेदारांनी द्यायचं. आजूबाजूच्यांनी तोंड उघडायचं नाही." मग त्याचा आवाज बदलला. तो ताईंशी बोलत नव्हता. "नमस्कार, बाई. तुमची जन्मतारीख सांगाल? आधी तारीख, मग महिना."

टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग, टिंग. सात. बाई थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या. कपाटांसमोर फोन धरून उभी असलेली माणसे वळून पाहू लागली. कोणीतरी आपल्या फोनवरचे गाणे बंद केले. अकरावा ठोका पडला तेव्हा दुकानात माझ्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

"सात, अकरा. बरोबर. घराचा क्रमांक? एकेक आकडा."

तीन ठोके. विसावा. दोन ठोके.

"बत्तीस. बरोबर. शेवटचा प्रश्न. ऑर्डरमध्ये वस्तू किती आहेत?"

काका पुढे वाकले. त्यांनी बायकोच्या डोळ्यांसमोर एक बोट धरले. आवाज न करता, ओठांनी म्हणत होते, "एक. एक."

बाईंनी त्या बोटाकडे पाहिले. ज्या नजरेने चुकलेल्या गणिताकडे चाळीस वर्षे पाहिले असेल, त्या नजरेने पाहिले. मग त्यांनी मला दाबले.

टिंग.

आणि पुन्हा.

टिंग.

काकांचे बोट तसेच हवेत राहिले. मॅनेजरने डोळे मिटून घेतले.

"दोन," सर्दीवाला म्हणाला. "बरोबर आहे, बाई. दोन चार्जर. आणि हे पार्सल तुम्हाला देऊ ना?"

एक ठोका. चांगला खणखणीत.

कपाट क्रमांक सतराचे दार टप्पकन उघडले. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या फोनकडे वळले. फोनमधून सर्दीवाला म्हणाला, "आणखी काही मदत करू शकतो का?" त्याला तसे म्हणावेच लागत असणार. बाईंनी दोन ठोके दिले. तो हसला, तेवढ्यात शिंकला आणि फोन बंद झाला.

ताईंनी पहिले खोके फोडले आणि काउंटरमागच्या प्लगमध्ये चार्जर लावला. पाटी जागी व्हायला दहा मिनिटे लागली. काका तोवर दुसरे खोके हातात घेऊन उलटसुलट करत होते. पडदा उजळला, तशी बाईंनी पाटी ओढून घेतली. एकेक अक्षर दाबले. पाटीचा आवाज बायकीच, पण सपाट, चढउतार नसलेला.

"एक घरी. एक पिशवीत. वायर पुन्हा तुटेल. हे मी रविवारीच ठरवलं होतं."

"मला काय माहीत गं!" काका म्हणाले.

पाटी पुन्हा बोलली. "विचारायचं होतंत. हो-नाही मला मानेनं सांगता येतं. कालही येत होतं."

खुर्चीपाशी खाली बसून काकांनी चार्जरची वायर नीट गुंडाळली. मग तिथूनच, मान वर न करता, विचारले, "उद्या आत तू एकटी जातेस का डॉक्टरांकडे? मी बाहेर बसतो."

बाईंनी पाटीला हात लावला नाही. मलाच दाबले. एकदा.

तीन आठवड्यांनी काका बाईंनी मागवलेले दिव्याचे बटण न्यायला आले तेव्हा पुढचे कळले. बाई डॉक्टरांशी पंचवीस मिनिटे बोलल्या. गोळी बदलली, चक्कर थांबली. घरी आता रोज एक नियम पाळला जातो. काकांनी कोणाला तिच्याबद्दल काही सांगायचे असेल तर आधी तिला विचारायचे. "भांडणं वाढली आमची," ते म्हणाले. त्यांची तक्रार मला तक्रारीसारखी वाटली नाही. बंद केलेला फोन नंबरही त्यांनी खेटे घालून पुन्हा सुरू करून घेतला होता.

कपाट हाताने उघडायची सोय हवी, असे मॅनेजरने वर एक पत्र पाठवले. उत्तर आले की आपली सूचना नोंदवून घेतली आहे. तेवढेच आले. कपाटे तशीच आहेत. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना ती फार सोयीची पडतात, हे मला मान्य करायला हवे. लोक येतात, दार उघडते, लोक जातात. पण ताईंनी 'कोड स्कॅन करा' या पाटीखाली आपल्या हाताने एक ओळ लिहून चिकटवली. 'कोड नसेल तर घंटी वाजवा.' मॅनेजरने ती वाचली, इकडे तिकडे पाहिले आणि काढली नाही. मला ताईंनी पुन्हा स्क्रूंनी बसवले नाही. गरज पडेल तिथे उचलून नेता यावे म्हणून मोकळेच ठेवले.

आता मी रोज वाजते असे नाही. कधी दिवसात चारदा, कधी आठवडाभर नाही. कोणाचा फोन पाण्यात पडलेला असतो. कोणाचा लेक परगावी असतो आणि सगळे ईमेल त्याच्याच फोनवर येतात. एका आजींना पडद्यावरची अक्षरेच दिसत नाहीत. एक माणूस तर चांगला मोठ्या कंपनीतला साहेब होता. पासवर्ड विसरला होता आणि लाजेने लाल झाला होता. सगळ्यांचे काम होतेच असेही नाही. एकाचे पार्सल ताईंच्या डोळ्यांदेखत परत गेले. ताईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

मित्रांनो, मी धातूची वस्तू आहे. मला रागलोभ नाही, आणि नव्या यंत्रांशी माझे वैरही नाही. माझे मागणे फार थोडे आहे. माझ्यासारखी एखादी घंटी तुमच्या दुकानात, शाळेत, कचेरीत असेल तर तिच्यापुढे कुंडी ठेवू नका. वर्षातून दोनदा तिच्या स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या, नाहीतर ऐन वेळी ती खरखरेल. तिच्यापलीकडे कोणी उभे असेल तर त्याचे उत्तर शेजारच्याला विचारू नका, त्यालाच विचारा आणि ते यायला वेळ लागला तर थांबा. आणि ती वाजली, तर हातातले काम ठेवून बाहेर या.